उंबऱ्याशी थांबलेला कॅमेरा

भाद्रपदाचा पहिला पक्ष गणरायाचा आणि दुसरा पितरांचा, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ढोलांचा घुमारा कानांत असतानाच घराघरांतून कढीच्या फोडणीचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास येऊ लागतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे कोणालाच वाटत नाही. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवले जाते. एरवी हुसकावला जाणारा कावळा पंधरा दिवस मानाचा पाहुणा होतो. तिथी ठाऊक असलेल्यांना तिथीला, सवाष्णपणी गेलेल्यांना नवमीला आणि ज्यांचे काहीच ठाऊक नाही अशा सगळ्यांना अमावास्येला पान वाढायचे, अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली. कोणी उपाशी परतू नये ही त्यामागची काळजी. तरीही प्रत्येक घराण्यात एखादा काका असतो, ज्याने लग्न केले नाही. एखादी आत्या असते, जी परगावी शाळेत शिकवायची आणि मैत्रिणीबरोबर बिऱ्हाड करून राहायची. त्यांना पान वाढले जाते. त्या मित्राचे, त्या मैत्रिणीचे नाव मात्र कोणी घेत नाही, कारण ते कोण होते हे कोणी कधी विचारलेच नाही. दहाव्याला घाटाच्या कडेला एकटेच उभे राहिलेले ते गृहस्थ कोण, असे एखाद्या पोराने विचारले असेलही, पण ‘ओळखीचे होते’ एवढ्यावर भागले असेल.

याच दिवसांच्या आगेमागे ६ सप्टेंबर येतो. २०१८ साली या तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, १८६० सालच्या दंडसंहितेतले ३७७वे कलम दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हापासून दरवर्षी या सुमारास आपण हिशेब मांडतो. काय पदरात पडले, काय राहिले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने विवाहाच्या हक्काची मागणी मान्य केली नाही, हेही त्या हिशेबात येते. कायद्याचा हा ताळेबंद दरवर्षी मांडलाच पाहिजे. पण यंदा आपण दुसरी एक वही उघडू या, पडद्यावरच्या चित्रांची. दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची जवळीक आपल्या पडद्याने कशी दाखवली, कुठून दाखवली, आणि ती पाहताना आपण कुठे बसलो होतो, याची.

या वहीचे पहिले पान अलीगढचे आहे आणि ते मराठी माणसाचे आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते, कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या घरात घुसली. घरात सिरसांबरोबर एक रिक्षाचालक होता. त्या रात्री टिपलेल्या चित्रांच्या जोरावर, निवृत्ती काही महिन्यांवर आलेल्या या प्राध्यापकाला विद्यापीठाने निलंबित केले. इथे तारखांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला तो डिसेंबर २०१३ मध्ये. म्हणजे त्या रात्री कायदा सिरसांच्या बाजूने होता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानेही त्यांच्याच बाजूने कौल दिला. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

कायदा दोनदा पाठीशी उभा राहिला आणि तरी माणूस वाचला नाही. जे चित्र त्या घरातून बाहेर पडले होते ते कोणत्याही निकालाने परत घेता येण्याजोगे नव्हते. म्हणून ६ सप्टेंबरचा आनंद मानताना आपल्याला हे विसरता येत नाही की जवळिकीचे चित्र काढणे हीसुद्धा एक सत्ता आहे, आणि ती अनेकदा न्यायासनाहूनही जबर ठरते.

हंसल मेहता यांनी यावर ‘अलीगढ’ केला तेव्हा त्यांच्यापुढे मोठाच पेच असणार. ज्या खोलीत एक कॅमेरा परवानगीवाचून शिरला होता, त्याच खोलीत आपलाही कॅमेरा न्यायचा तर त्या दोघांत फरक तो काय राहिला? चित्रपटाच्या सुरुवातीला त्यांचा कॅमेरा इमारतीबाहेर, रस्त्यापलीकडे, थंडीच्या रात्रीत उभा राहतो. माणसे आत जातात, खिडकीत उजेड दिसतो, आणि आपण बाहेरच असतो. पुढे चित्रपट त्या रात्रीकडे तुकड्यातुकड्यांनी परततो, तोवर आपण मनोज बाजपेयींच्या सिरसांबरोबर बसून लताबाईंची गाणी ऐकलेली असतात, त्यांचा संकोच, त्यांची कवितेवरची माया पाहिलेली असते. ओळख झालेली असते. मगच आत. पाहुण्याने उंबऱ्याशी थांबावे आणि ‘या’ म्हटल्यावर पाऊल टाकावे, ही आपल्या घरांची साधी रीत त्या दिग्दर्शकाने कॅमेऱ्याला लावली, आणि आपल्या मते त्यातच त्या चित्रपटाचे मोठेपण आहे. त्याच्या नुसत्या झलकीलाही प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते, ही त्या काळच्या परीक्षण मंडळाची रसिकता! चित्रपट प्रदर्शित झाला २६ फेब्रुवारी २०१६ ला, मराठी भाषा गौरव दिनाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आपण कुसुमाग्रजांच्या तसबिरीला हार घातले, भाषेच्या थोरवीची भाषणे केली. परप्रांतात मराठी शिकवत राहिलेल्या एका कवीची कहाणी शेजारच्या चित्रपटगृहात चालू होती, तीही हिंदीत, आणि भाषणांत तिचा उल्लेख करावा असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

आपला पडदा मुळातच सोवळा होता, अशी समजूत करून घेऊ नये. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हा हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि तारामती झाले अण्णा साळुंके. स्त्रिया मिळत नव्हत्या, म्हणून फाळक्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या या तरुणाला लुगडे नेसवले. भारतीय पडद्यावरचे पहिले दांपत्य हे असे दोन पुरुषांचे. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता दोघेही साळुंकेच होते, आणि प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले. यावरून फाळके काळाच्या पुढे होते वगैरे निष्कर्ष काढण्याची घाई नको. ती निव्वळ नड होती. पण लुगड्याची, नाटकाची, सोंगाची ओट असली की आपल्याला पुरुषाशेजारी पुरुष चालतो. तमाशातल्या गवळणीतली मावशी चालते, नाटकातली स्त्रीपार्टी चालते, हसता येईल ते सगळे चालते. ओट दूर होऊन नुसती दोन माणसे एकमेकांकडे पाहू लागली की आपण खुर्चीत चुळबुळतो.

विजय तेंडुलकरांनी ही ओट दूर केली ती रंगभूमीवर. १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ आले, रोहिणी हट्टंगडी त्यात मित्रा झाल्या. स्त्रीवर जीव जडलेली, वाकायला नकार देणारी ती तरुणी मराठी प्रेक्षकांसमोर उभी राहिली, पण तिची गोष्ट सांगतो बापू, तिचा मित्र. तिची जवळीक आपल्याला त्याच्या खांद्यावरून दिसते आणि शेवटी मित्रा जगत नाही. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोघींचा प्रसंग आला, पण आश्रमापुढचा एक प्रश्न म्हणून आला आणि गेला. त्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील, हे ऐकायला कोणी थांबले नाही. तरी त्या काळाच्या मानाने हे उल्लेखही धाडसाचे, आणि तेवढे श्रेय मराठीच्या पदरी घातलेच पाहिजे.

मग १९९८ चा डिसेंबर. दीपा मेहतांच्या ‘फायर’वरून मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली, चित्रपट परीक्षण मंडळाकडे परत धाडला गेला, आणि १९९९ च्या फेब्रुवारीत मंडळाने तो पुन्हा जसाच्या तसा मंजूर केला. काचा फुटल्या त्या शय्येवरच्या प्रसंगावरून. पण तो चित्रपट निवांतपणे पाहिला तर लक्षात राहतात ती निराळीच दृश्ये. दिल्लीच्या एकत्र कुटुंबातल्या त्या दोघी जावा. एकदा सगळे घर सहलीला गेले असता धाकटी थोरलीचे पाय चेपून देते. नवरे तिथेच, आणि सगळ्यांना ती सुनेची सेवाच वाटते. उपासाच्या रात्री थोरली धाकटीला पाणी पाजते. रीत तीच, हातही तेच, पण त्या हातांत आता काही निराळे आले आहे, आणि ते प्रेक्षकाला कळते, घराला कळत नाही. दगड घेऊन आलेल्यांनी या दृश्यांकडे पाहिलेही नसेल. पाहिले असते तर कदाचित अधिकच बिथरले असते, कारण परकी म्हणून हाकलून देता येईल असे त्यांत काहीच नव्हते.

या जवळिकीला दाखवण्यासाठी परक्या मुद्रा, परके संगीत उसने आणावे लागत नाही, हे तिथेच सिद्ध झाले होते. आपल्या चालीरीतींत स्पर्शाला जागा भरपूर आहे. गळ्यात हात टाकून बाजारातून हिंडणारे दोन मित्र आपल्या कोणत्याही गावात दिसतात. ओसरीवर एका घोंगडीवर चार पुरुष झोपतात. बायका बायकांच्या डोक्याला तेल लावतात, वेण्या घालतात, एकमेकींच्या मांडीवर डोके ठेवून रडतात. म्हणूनच या मातीतल्या दिग्दर्शकाचे काम अवघडही आहे. स्पर्श नुसता दाखवून भागत नाही, कारण तो सगळ्यांच्याच ओळखीचा. कोणता हात क्षणभर अधिक रेंगाळला, हे दिसावे लागते, आणि ते दिसायला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ रोहन परशुराम कानवडे यांनी दिला. ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात गेला, तिथे दाखल झालेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि जागतिक कथापटांच्या विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. आपल्याकडे तो लागला १९ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे ऐन पितृपंधरवड्यात. पंचांग पाहून नारळ फोडणाऱ्या या व्यवसायात असा मुहूर्त कोणी हौसेने धरत नाही. पण या चित्रपटाला याहून योग्य दिवस कोणता मिळाला असता? त्याची कथाच सुतकाची आहे. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा तिशीतला आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर गावी येतो, दहा दिवस गावकीच्या नियमांत बांधला जातो, आणि त्या दहा दिवसांत लहानपणचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. बाळ्या शेती करतो आणि घरच्यांनी लावलेला लग्नाचा लकडा कसाबसा परतवत असतो. कानवडे यांचे वडील २०१६ मध्ये गेले. गावातल्या त्या दिवसांत नातलगांच्या ‘लग्न कधी’ला तोंड देताना ही गोष्ट त्यांना सुचली.

सुतकातले ते दहा दिवस आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. अनवाणी पाय, ठरलेले जेवण, ठरलेली वस्त्रे, सुतकातल्या माणसाला शिवायचे नाही ही मर्यादा, आणि भेटायला येणाऱ्यांची न संपणारी रीघ, जी दोन वाक्ये सांत्वनाची बोलून तिसऱ्या वाक्याला मुलीचे स्थळ काढते. शोकाच्या घरात लग्नाचा विषय निघतो यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. घर रिते झाले की ते भरायची घाई करणे हीच आपली माया. कानवडे या मायेची टिंगल करत नाहीत. गावाला खलनायक न ठरवता ते त्याला बोलू देतात आणि आनंदला गप्प बसू देतात. आईला मुलाचे मन कळलेले आहे, गेलेल्या बापालाही कळलेले होते. लोकांना सांगायला तिने एक गोष्टही तयार ठेवली आहे, कोण्या मुलीने याला फसवले म्हणून. तीही एक ओटच, पण ती आईने धरलेली आहे. मराठी पडद्यावर अशा मुलाला अशी आई मिळायला इतका उशीर का लागला असावा, हा प्रश्न चित्रपट संपल्यावरही सोबत येतो.

आणि त्या स्पर्श वर्ज्य असलेल्या दिवसांत चित्रपट स्पर्शाची गोष्ट सांगतो. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक एका जागी ठाण मांडून बसतो, गावातल्या म्हाताऱ्याने पारावर बसावे तसा. बाळ्या आनंदसाठी साबराची बोंडे आणतो. ज्यांनी बालपणी माळावर ती खाल्ली आहेत त्यांना सांगायला नको की या लालभडक फळाचा मोठा काटा दिसतो तरी, पण बारीक कुसळे दिसत नाहीत. ती बोटांत, ओठांत, जिभेवर शिरून दोन दिवस सलतात. म्हणून ते घासून, झटकून, निगुतीने साफ करावे लागते. दुसऱ्यासाठी ते कोणी साफ करून दिले तर त्यात किती वेळ आणि किती लक्ष गेले हे खाणाऱ्याला कळते. प्रेमाची कबुली देणारा संवाद लिहिण्याचे दिग्दर्शकाने टाळले, ते बरे केले. भूषण मनोज आणि सूरज सुमन हे दोघे नट झाडाखाली नुसते पडून राहतात तेव्हाही आपण काहीतरी चोरून पाहतो आहोत असे वाटत नाही, इतके आपण तोवर त्या घरातले झालेले असतो. आणि हे सगळे मराठीत, बोलीच्या मराठीत. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ ची मराठी कादंबरी २०२२ मध्ये पडद्यावर आली तेव्हा तिला पुणे सोडून फोर्ट कोचीला आणि मराठी सोडून हिंदी-इंग्रजीत जावे लागले होते. सिरसांची कहाणी हिंदीत गेली. या वेळी गोष्ट घरी राहिली.

संयमाचे मात्र फार कौतुक करण्यातही धोका आहे. २०२३ च्या ‘काथल’ या मल्याळम चित्रपटात मामुट्टींसारख्या नटाने ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक लढवणाऱ्या, चोरून प्रेम करत आयुष्य काढलेल्या माणसाची भूमिका केली, ही मोठीच गोष्ट. त्यातले दोघे पुरुष एकमेकांजवळ जवळजवळ येतच नाहीत, नजरेवर भागते, आणि तरी पोटात तुटते. पण प्रत्येक वेळी नजरेवरच भागवायचे ठरले तर तो संयम उरत नाही, ती भीती होते, आणि नायक-नायिकेला दिलेला मोकळेपणा या जोड्यांना नाकारण्याची ती एक सभ्य युक्ती होते. ‘साबर बोंडं’ हात आखडत नाही. त्यात देह आहेत, आणि त्यांना लाज वाटत नाही. हल्ली चित्रीकरणाच्या वेळी अशा प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही रुजू लागली आहे. कोणता स्पर्श, कितपत, कोणाच्या होकाराने, हे आधी ठरते आणि मग कॅमेरा चालू होतो. जुन्या मंडळींना हा नसता सोपस्कार वाटतो. सिरसांच्या घरात काय घडले हे आठवले की तो तसा वाटू नये.

राहिला प्रश्न आपल्या बसण्याचा. दिवाणखान्यात सगळे मिळून टीव्ही पाहत असताना नायक-नायिका जरा जवळ आली की वडिलांना वर्तमानपत्र आठवते, आईला गॅसवरचे दूध आठवते आणि धाकट्याला पाणी प्यायला पाठवले जाते, हा तर आपला कुळाचारच. मग दोन मुली जवळ आल्या तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून या गोष्टी आता प्रत्येकजण आपापल्या मोबाइलवर, कानात बोंडले घालून, एकेकटा पाहतो. मुंबईत २०१० पासून, सिरस गेले त्याच वर्षापासून, ‘कशिश’ महोत्सव भरतो आणि तिथे माणसे शेजारी बसून ही चित्रे पाहतात, हसतात, डोळे पुसतात. पण नगर, सोलापूर, चंद्रपूरच्या माणसाच्या वाट्याला येतो तो फार तर आडवेळेचा एखादा खेळ, तोही तीन दिवसांत उतरणारा. घरातल्या ज्या काका-आत्यांची नावे आपण संकल्पात घेतो, त्यांच्या वयाची जोडी तर अजून पडद्यावर यायचीच आहे: साठी उलटलेल्या दोघी, एकीचे गुडघे धरलेले, दुसरी तिच्यासाठी जिन्याचे कठडे बदलून घेते आहे. दोन पुरुषांची मराठी गोष्ट सनडान्सपर्यंत जाऊन आली. दोन बायकांच्या गोष्टीचे नाव काढले की आपल्याला आजही १९८१ च्या नाटकापर्यंत मागे जावे लागते.

लातूरकडची, धुळ्याकडची कोणी मुलगी आज ती पटकथा लिहीत असेल. उद्या ती निर्मात्यापुढे बसेल आणि तो, वाईट माणूस नसतानाही, हिशेबी माणूस म्हणून, विचारील की हे पाहणार कोण. गेल्या खेपेला किती जणांनी तिकीट काढले याचा कागद त्याच्या टेबलावर असेल, आणि त्या आकड्यात आपण होतो की नाही हे सांगायला आपल्याला कोणता कागद पाहावा लागणार नाही.